दुक्मच्या ओहोटीत नऊ जणांचं जेवण

आधीच सांगतो, ही ट्रिप मी ठरवलेली नाही. ती माझ्या बाबांनी मेसच्या टेबलावर, चिडून, माझ्या नावावर बुक केली.

बाबा तीन वर्षांपासून ओमानमध्ये दुक्मला प्रोजेक्टवर आहेत, इलेक्ट्रिकल सुपरवायझर. मी आणि आई मस्कतमध्ये दार्सैतला राहतो, आणि बाबा दर दुसऱ्या गुरुवारी बसने घरी येतात. त्यांच्या गँगमध्ये त्यांच्याशिवाय नऊ मराठी माणसं आहेत, आणि नऊच्या नऊ कोकणातली. देवगड, राजापूर, गुहागर. आम्ही साताऱ्याकडचे. त्यामुळे मेसमध्ये ज्या दिवशी फ्रोझन मासा असतो त्या दिवशी बाबांची चेष्टा ठरलेली. साळुंख्यांना काटा काढता येत नाही, साळुंख्यांना बांगडा आणि बोंबील दोन्ही सारखेच, वगैरे. यात सगळ्यात पुढे बाबीकाका. म्हणजे बाबी परब, देवगडचा वेल्डर. एका रात्री त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "साळुंखे, तुमच्या साताऱ्यात मासे झाडाक लागतत काय?"

बाबा म्हणे भात कालवायचे थांबले आणि म्हणाले, "माझा मुलगा स्वतः गळ टाकून मासे गरवतो. मस्कतमध्ये. पुढच्या शुक्रवारी येईल आणि तुम्हा नऊ जणांना पोटभर खाऊ घालेल. मेसला नाही सांगून टाका."

आता मेसचं गणित समजून घ्या. तिथे बुधवारी रात्री लिस्ट बंद होते. शुक्रवारी दुपारी कोण जेवणार आणि कोण नाही. नाव कापलं की कापलं, नंतर कितीही गोड बोला, कुक प्लेट देत नाही. नऊ जणांनी नावं कापली. बाबांनी स्वतःचं पण कापलं. शिवाय शनिवारी हनुमान जयंती, म्हणजे त्या दिवशी कोणी मासा खाणार नाही, त्यामुळे "उद्या बघू" हा ऑप्शनच नव्हता.

आणि माझी परिस्थिती काय? मी तीनदा मासे पकडायला गेलो होतो. तिन्ही वेळा मिळून पाच मासे. त्यातल्या सगळ्यात मोठ्या माशाचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला होता, हात कॅमेऱ्याच्या दिशेने पूर्ण लांब करून. कसा दिसतो ते तुम्हाला माहीतच आहे. मासा तळहाताएवढा होता. फोटोत तो उशीएवढा दिसत होता. बाबांनी तो फोटो गँगला दाखवलेला.

खरं सांगायला पाहिजे होतं. पण बाबांचा फोनवरचा आवाज असा होता की मी म्हणालो, "येतो की. काय प्रॉब्लेम?"

गुरुवार: दार्सैत ते दुक्म

जाणाऱ्यांसाठी कामाचं आधी. मस्कतहून दुक्मला सरकारी बस आहे, साधारण साडेसहा-सात तास लागतात. तिकीट दोन दिवस आधी काढा, कारण गुरुवारी आणि शनिवारी बस भरलेली असते. गाडी असेल तर वाटेत सिनावला टाकी फुल करा, पुढे पंप लांब लांब आहेत. मासेमारीसाठी हौशी लोकांचा परवाना लागतो, तो ऑनलाइन निघतो. मी माझा आणि बाबांचा दोघांचाही काढला होता. पोर्ट आणि रिफायनरीच्या आसपास गळ टाकायचा नाही आणि फोटोही काढायचे नाहीत. तिथे कोणी ऐकून घेत नाही.

सामान: दोन रॉड, एक छोटा आइसबॉक्स, मस्कतच्या रुवी भागातल्या दुकानातून घेतलेली कोळंबी, आणि एका डब्यात माझे रंगीत प्लॅस्टिकचे खोटे मासे. ते मी व्हिडिओ बघून बघून मागवले होते. अमेरिकेतली लोकं वसंतात तळ्याच्या काठावर बसून तव्यात मावतील असे छोटे मासे धडाधड काढतात, ते व्हिडिओ. मला तेच करायचं होतं, फक्त तळ्याच्या जागी अरबी समुद्र. आणि आपल्याकडेही हाच सीझन आहे. जूनपासून त्या बाजूचा समुद्र इतका खवळतो की काठावर उभं राहणं कठीण. चैत्रात तो शांत असतो आणि ऊनही अजून माणसात असतं.

आईने कांदा-लसूण मसाल्याची बरणी दिली. मी म्हणालो, ते कोकणातले लोक आहेत, त्यांचा मसाला वेगळा असतो. ती म्हणाली, "असू दे वेगळा. खाऊन तर बघू देत."

सिनाव सोडलं की दोन्ही बाजूंना काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. सपाट, पिवळट, मग करडं, मग परत पिवळट. मधे एकदा ड्रायव्हरने बस थांबवली कारण सात उंट रस्ता ओलांडत होते आणि आठव्याला ओलांडायचं नव्हतं. पुढे महूत गावात चहा आणि पराठा, दोन्ही मिळून अर्ध्या रियालच्या आत. माझ्या शेजारी एक केरळचे अंकल होते. रॉड बघून विचारलं, फिशिंग का? मी हो म्हणालो. ते म्हणाले, दुक्मला चार वर्षं आहे, समुद्र रोज बघतो, पण खातो चिकनच. मला एकदम बाबांच्या गँगची दया आली आणि लगेच स्वतःची पण.

संध्याकाळी बाबा स्टॉपवर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आमच्यात मिठीबिठी नसते. त्यांनी आइसबॉक्स हातात घेतला, वजन बघितलं आणि म्हणाले, "लहान नाही ना पडणार?"

बाबांच्या कंपनीच्या कॅम्पमध्ये बाहेरच्याला राहता येत नाही, म्हणून मी गावातल्या एका साध्या लॉजवर खोली घेतली होती. पंधरा रियाल, एसी आवाज करतो पण चालतो. बाबांनी तिथे खिशातून एक कागद काढला. त्यांनी पूर्ण प्लॅन केला होता. सालेम नावाचा ओमानी पिकअपवाला सकाळी साडेसातला येणार. रास मदरकाच्या रस्त्याने तासभर दक्षिणेला जायचं, तिथे खडक आहेत. साडेआठला पोचायचं, कारण भरती पावणेदहाला पूर्ण आणि शेवटचा तास सगळ्यात चांगला, असं त्यांनी गँगमधल्यांच्या बोलण्यातून टिपलं होतं. जुम्म्याच्या नमाजसाठी सालेमला परत यायचं, म्हणून अकराला निघायचंच.

मी विचारलं, भरतीची वेळ कुठून काढली? बाबांनी इतक्या अभिमानाने सांगितलं की काय सांगू. त्यांच्या खोलीत मराठी कॅलेंडर आहे, दिवाळीला कोणीतरी गावाहून आणतं. त्यात रोजची भरती छापलेली असते. सव्वाअकरा होती, ओमानचं घड्याळ दीड तास मागे म्हणून त्यातून दीड तास वजा केला.

आखातात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात हे वजाबाकीचं काम चालतं. संकष्टीचा चंद्रोदय, ग्रहण, मुहूर्त, सगळ्यातून दीड तास काढायचा. मीही मान डोलावली. ॲप उघडून बघायला मला दोन मिनिटं लागली असती. पण ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा भरतीचा हिशोब मांडलाय त्याच्यासमोर फोन काढायचं मनात आलं नाही. तर ही चूक निम्मी माझी आहे, हे लक्षात ठेवा.

शुक्रवार: खडक

सालेम वेळेवर आला. पन्नाशीचा, हसरा, हिंदी आपल्यापेक्षा फास्ट. त्याने रॉड बघून "माशाल्ला" म्हटलं आणि गाडी अशी काढली की आइसबॉक्स मागे घसरत गेला.

जागा कशी होती ते सांगतो. डाव्या हाताला समुद्र, निळा नाही, हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. काठाला काळ्या खडकांची एक लांब भिंत, आणि भिंतीच्या आतल्या बाजूला उथळ पाण्याचं मोठं तळं. भरतीचं पाणी खडकांवरून आत येऊन साठलेलं. माणूस एकही नाही. फ्लेमिंगो होते वीस-पंचवीस, एका पायावर. मोबाइलला रेंज नाही. सालेमने गाडीच्या सावलीत चटई टाकली.

मी खडकावर चढलो, सगळ्यात स्टायलिश खोटा मासा लावला आणि फेकला. तीस मीटर तरी गेला असेल. बाबा मागून म्हणाले, "वा!" मग परत फेकला. परत. अर्धा तास. मग कोळंबी लावली आणि लांब फेकली. काही नाही.

नऊच्या सुमाराला मला खडकावरचा ओला पट्टा दिसला. माझ्या पायाखाली पाण्यापासून चांगला वीतभर वर दगड ओला होता, वरचं शेवाळ चमकत होतं. म्हणजे पाणी इथपर्यंत येऊन गेलं होतं. पाणी चढत नव्हतं, उतरत होतं.

मी सालेमला ओरडून विचारलं. तो चटईवरूनच म्हणाला, "पानी जाता है अभी. सुबह जल्दी आने का था ना. भरती खलास."

बाबांनी खिशातला कागद काढला, वाचला आणि परत घडी केला. त्यांना कळलं होतं. मुंबईच्या घड्याळातून दीड तास काढला म्हणून मुंबईचा समुद्र दुक्मला येत नाही. इथलं पाणी इथल्या वेळेने येतं. पुढची भरती रात्री. नऊ माणसं दुपारी एक वाजता तव्याभोवती बसणार होती.

मग मी ती गोष्ट केली जी मी कोणाला सांगणार नव्हतो. मी म्हणालो, "बाबा, वाटेत मासळीबाजार आहे. तिथून घेऊ. कोणाला कळणार?"

बाबा म्हणाले, "बाबीला कळेल. तो डोळा बघून सांगतो मासा कुठल्या वारी मेला." कागद खिशात घालत म्हणाले, "आणि मला कळेल ना."

यानंतर गप्प बसणं शक्य नव्हतं. मी सांगून टाकलं. तीनदा गेलो, पाच मासे मिळाले, आणि तो फोटो तसा नाहीये. हे सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो, रीलकडे बघत होतो.

"माहीत आहे की," बाबा म्हणाले. "त्या फोटोत तुझा अंगठा फावड्याएवढा होता."

"मग तुम्ही गँगला का दाखवला?"

बाबा खडकावर बसले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. म्हणाले, एकाचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, एकाची मुलगी नर्स होऊन जर्मनीला गेली, बाबीचा पोरगा गावात स्वतःची होडी चालवतो. रोज रात्री तेच चालतं. "मी काय सांगणार? माझा मुलगा ऑफिसात ट्रेनी आहे आणि इंग्रजी छान बोलतो? तुझा तो फोटो आला. म्हटलं, हे बरं आहे."

मला हसू आलं आणि मी उगाच रील फिरवत राहिलो. तेवढ्यात बाबा उभे राहिले आणि समुद्राकडे पाठ करून आतल्या तळ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, तिथे काही नाही, गुडघाभर पाणी आहे.

"मासे नाही बघत. पाणी बघतोय. हे एवढं पाणी आत आलंय, ते जातंय कुठून?"

आम्ही खडकांच्या भिंतीवरून चालत निघालो. (कडक तळव्याचे जुने बूट घाला, हे वाचणाऱ्यांनो. स्लिपर घातल्या तर कालवांच्या कडांनी पाय कापतात. बाबांचा कापला, अनवाणी होते.) साधारण दोनशे पावलांवर भिंतीला एक फट होती, दोन हात रुंद. आतल्या तळ्याचं सगळं पाणी त्या फटीतून बाहेर धावत होतं. आवाज नळासारखा. आणि फटीच्या बाहेरच्या तोंडाशी, समुद्राच्या बाजूला, खोल काळसर डोह झाला होता.

बाबा त्या डोहाकडे बघत राहिले आणि मग बोलायला लागले. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्यांच्या गावाला उसाला पाटाचं पाणी यायचं. पाण्याची पाळी संपली की पाटकरी वरून पाणी बंद करायचा, आणि पाटात राहिलेलं पाणी हळूहळू खाली दारापाशी, म्हणजे पाणी अडवायच्या फळीपाशी उतरायचं. दाराखाली डोह होता. शाळेतली सगळी पोरं पाणी बंद व्हायची वाट बघायची, कारण उतरत्या पाण्याबरोबर किडे, शेवाळ, सगळं वाहत यायचं आणि मासा ते खायला डोहात तोंड वर करून थांबायचा. पोरं जुनं लुगडं जाळ्यासारखं धरून उभी राहायची.

"भरलेल्या पाटात मासा कुठे आहे ते देवाला ठाऊक," बाबा म्हणाले. "उतरत्या पाण्यात तो एकाच ठिकाणी असतो. लांब फेकू नकोस. इथे, पायाशी सोड."

मी खोटे मासे डब्यात टाकले. सगळ्यात छोटा गळ लावला, कोळंबीचा नखाएवढा तुकडा, एक बारीक शिसं. फटीच्या धारेत सोडलं. धारेनेच ते वाहत डोहात नेलं. तीन मीटर. फार तर चार.

टकटक. मग ओढ.

आला तो रुपेरी होता, माझ्या पंजापेक्षा थोडा मोठा, पंखांना पिवळसर कड, आणि पाठीचे काटे असे उभे केलेले की हात लावायची हिंमत होईना. बाबांनी रुमालात धरून गळ काढला. एकदम सराईतासारखा. मी बघतच राहिलो. ते म्हणाले, "बघतोस काय? दुसरा सोड."

पुढचा दीड तास मला नीट आठवत नाही. म्हणजे क्रमाने आठवत नाही. दुसरा रॉड बाबांना दिला, तर त्यांनी रीलला हात न लावता नुसती दोरी हातात धरली, बोटांवर. त्यांना माझ्या आधी कळायचं. मला चार मिळाले की त्यांना पाच. एकदा दोघांच्या दोऱ्या गुंतल्या आणि ते माझ्यावर ओरडले, अगदी साइटवर ओरडतात तसे. सालेम आवाज ऐकून आला, उकिडवा बसला आणि मोजायला लागला. तळहातापेक्षा छोटे असतील ते आम्ही परत सोडत होतो, आणि सालेम प्रत्येक सोडलेल्या माशाला "यल्ला, घर जाओ" म्हणत होता. पाणी उतरत गेलं तशी धार बारीक झाली, डोहाचा आवाज कमी झाला आणि ओढ थांबली. नळ बंद केल्यासारखी.

अकराला दहा मिनिटं होती. बॉक्समध्ये सव्वीस मासे होते. झाकण लागत नव्हतं.

शुक्रवार दुपार: तवा

गावाबाहेरच्या किनाऱ्यावर ताडपत्री बांधलेली होती. कॅम्पच्या खोल्यांमध्ये शेगडी लावायला बंदी आहे, म्हणून हे लोक सुट्टीच्या दिवशी असंच बाहेर येऊन करतात. दोन गाड्यांतून नऊ जण आले होते. तांदूळ, नारळ, कोकम, दोन मोठे तवे. आणि एका गाडीच्या मागच्या सीटवर टॉवेलखाली झाकलेला अंड्यांचा पूर्ण ट्रे. मला तो दिसला. बाबीकाकांनी मला तो दिसलेला बघितला. त्यांनी टॉवेल थोडा पुढे ओढला.

बाबीकाका म्हणजे बारीक, काळे, केस पांढरे, चाळीस वर्षं वेल्डिंगचा प्रकाश बघून डोळे कायम किलकिले. त्यांनी बॉक्सचं झाकण काढलं. एक मासा उचलला, कल्ला उघडला, आतला लाल रंग बघितला, डोळा बघितला. मागचे सगळे पुढे झुकले. बाबा दुसरीकडे कुठेतरी बघत होते, जसं काही त्यांना यात इंटरेस्ट नाही.

"पालू," बाबीकाकांनी माशाचं नाव सांगितलं. "आत्ताचो आसा." मग अजून दोन बघितले. मग सगळ्यांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "साळुंख्यांचो झील गरवता. खरा आसा ता."

झील म्हणजे मुलगा. हे मला तिथल्याच एकाने सांगितलं, कारण माझा चेहरा बघून त्यांना कळलं की मला कळलं नाही. मग इंग्लिश मिडियमवरून दहा मिनिटं माझी चेष्टा झाली. मी कबूल केलं की मला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यात अजून थांबून विचार करावा लागतो. त्यावर त्यांनी मला सव्वीस मासे अकरा जणांत वाटायला सांगितले, मराठीत, मोठ्याने. सालेम नमाज संपवून परत आला, तर बारा जण झाले आणि मला परत पहिल्यापासून मोजावं लागलं.

पण मी एक गोष्ट नीट सांगितली. सगळे मला शाबासकी द्यायला लागले तेव्हा मी सांगितलं की भरती चुकली होती, जागा बाबांनी शोधली आणि निम्म्याहून जास्त मासे त्यांच्या दोरीला आलेत. पाटाचं, दाराचं, लुगड्याचं सगळं सांगितलं. माझं मराठी मधेमधे अडखळलं, पण सांगितलं. बाबीकाकांनी मान वर केली. बाबांकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले की ओहोटीला खाडीच्या तोंडाशी गरवायचं हे त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवलं होतं. "तुमका खंयसून कळला?" तुम्हाला कुठून, असं ते विचारत होते.

"आमच्याकडे पण पाणी उतरतं, बाबी," बाबा म्हणाले.

निम्मे मासे मालवणी मसाल्यात, तांदळाचं पीठ लावून. निम्मे आईच्या कांदा-लसूण मसाल्यात. सुरुवातीला त्या दुसऱ्या तव्याकडे कोणी फिरकेना. मग गुहागरच्या काकांनी एक तुकडा घेतला आणि लगेच दुसरा घेतला. मी लक्ष ठेवून होतो. बाबीकाका तिसऱ्या खेपेला आमच्या तव्याकडून वाढून घेत होते, पाठ करून. बरणी रिकामी घरी गेली. म्हणजे बरणीही घरी गेली नाही, ती त्यांनी ठेवून घेतली.

बाबांनी तीन मासे खाल्ले. सावकाश, काटे ओळीने प्लेटच्या कडेला लावून. काट्यांवरून चेष्टा कोणीच केली नाही.

शनिवार: परत

परतीची बस. बाबा स्टॉपवर आले होते, पायाला पट्टी बांधून, त्यामुळे थोडे लंगडत.  त्यांनी विचारलं की त्यांचा परवाना किती दिवस चालेल. मी सांगितलं. ते बरं म्हणाले. बस निघाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुसरा रॉड त्यांच्याकडेच राहिला आहे, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं होतं.

खर्चाचं म्हणाल तर बस, लॉज, सालेमचे वीस रियाल, कोळंबी आणि चहापाणी धरून पासष्ट रियालच्या आसपास. तेवढ्यात मस्कतला सव्वीसपेक्षा कितीतरी जास्त मासे विकत मिळतात. पण जायचंच असेल तर जूनच्या आधी जा. खडकावर उभे राहिलात की पहिली दहा मिनिटं रॉड उघडू नका. नुसतं पाणी कुठून निघतंय ते बघा. आणि त्या किनाऱ्याची भरती त्या किनाऱ्याचीच बघा, घरच्या कॅलेंडरवर नको.

मी बावीस वर्षांचा आहे. बाबा एसीच्या गार हवेत बसून ड्रॉइंग वाचणारे, किंवा हेल्मेट घालून ओरडणारे, एवढेच मला माहीत होते. गाव म्हणजे ऊस आणि सुट्टीत चावणारे डास. त्या गावात गुडघाभर पाण्यात लुगडं धरून उभा असलेला मुलगा पण होता, हे मला दुक्मच्या एका फटीपाशी कळलं. ऑफिसात रविवारी सगळ्यांनी विचारलं, वीकेंड कसा गेला. मी मासे सांगितलेच नाहीत. मी बाबांबद्दल सांगत बसलो, इतका की आमचा मॅनेजर म्हणाला, अरे चहा गार झाला.

घरी पोचलो त्या रात्री आईने आधी बरणीचं विचारलं. ती त्यांनी ठेवून घेतली म्हटल्यावर आई दिवसभर पुरेल एवढं हसली. मग जेवताना मी तिला सगळं सांगितलं. पाटाचं दार आलं तेव्हा तिचा हात थांबला.

"कुठलं दार म्हणाले? वडाजवळचं?"

मी म्हणालो, वड मला माहीत नाही, शाळेतली पोरं जमायची म्हणत होते.

आई माहेरची शेजारच्या गावची आहे. ती म्हणाली की तिच्या हायस्कूलची वाट त्या दारावरूनच जायची. पाणी बंद झालं की तिथे पोरांची ही गर्दी, सगळी चड्डीवर, चिखलाने माखलेली, आणि मुली आल्या की मुद्दाम पाणी उडवायची. "आम्ही शिव्या द्यायचो त्यांना. एकाच्या तर मी कपाळात दगड मारला होता." तिने उष्ट्या बोटांवर काहीतरी मोजलं. "चोवीस वर्षं झाली लग्नाला. हे एका शब्दाने बोलले नाहीत."

तिने तिथेच, उजवा हात उष्टा ठेवून, डाव्या हातात फोन घेतला आणि दुक्मला लावला. बाबांनी उचलल्यावर हॅलो वगैरे काही नाही. तिने सरळ विचारलं, "अहो, तुमच्या कपाळावर ती खूण आहे ना, लहानपणी दगड लागल्याची, तो दगड कुठे लागला होता?"

 मी माझं ताट उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि नळ बारीक सोडला, तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून.